खांब लपवू नका, खोटा तर मुळीच लावू नका

अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला, की फेडरल सरकारच्या नव्या इमारती शक्यतो क्लासिकल वळणाच्या असाव्यात, म्हणजे ग्रीक-रोमन खांब, वर त्रिकोणी कपाळ, जमलं तर घुमट, आणि काँक्रीटच्या त्या राकट उघड्या इमारती नकोत. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी तो रद्द केला, आणि २०२५ मध्ये जवळपास त्याच अर्थाचा आदेश पुन्हा आला. तिकडच्या राजकारणात मला पडायचं नाहीये, पण त्या आदेशामागे जो समज आहे तो आपल्याकडेही सगळीकडे आहे, म्हणजे जुनं, दगडी, खांबांचं ते सुंदर, आणि काँक्रीट आलं तिथून सगळं बिघडलं. शहराबद्दल कुठेही गप्पा निघाल्या की कोणीतरी हे म्हणतंच, आणि बाकीचे माना डोलावतात.

मला हा समज चुकीचा वाटतो आणि सार्वजनिक पैशाच्या दृष्टीनं महागात पडणारा वाटतो. कारण एकदा का सौंदर्य म्हणजे जुना चेहरा असं ठरलं, की मग आतून आरसीसी, म्हणजे पोटात लोखंडी सळ्या असलेलं काँक्रीट, आणि बाहेरून वेगळंच काहीतरी चिकटवलेलं अशा इमारती बनायला लागतात, पैसा चेहऱ्यावर जातो, आणि जे खरं वजन पेलतंय त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि गंमत म्हणजे हा वाद फ्रान्समध्ये एका माणसानं शंभर वर्षांपूर्वीच, प्रत्यक्ष इमारती बांधून, निकालात काढला होता. ऑग्युस्त पेरे त्याचं नाव. आपल्याकडे आर्किटेक्चरचे विद्यार्थी सोडले तर हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं, त्याच्या ऑफिसात काम केलेला ल कॉर्बुझिए मात्र चंदीगडमुळे सगळ्यांना माहीत आहे.

पेरेचा जन्म १८७४ चा, ब्रसेल्सजवळचा. बाप पाथरवट, दगडाच्या कामातला, १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे तिथल्या लोकांच्या सरकारविरोधी उठावात, सामील झालेला आणि उठाव चिरडल्यावर जीव वाचवायला बेल्जियमला पळालेला. माफी मिळाल्यावर कुटुंब पॅरिसला परतलं आणि बापानं बांधकामाची ठेकेदारी सुरू केली. ऑग्युस्त तिथल्या एकोल दे बोझारमध्ये शिकला, म्हणजे क्लासिकल शिक्षणाचं जगातलं सगळ्यात मोठं पीठ म्हणा, आणि तिथे चांगलं नाव मिळवूनही त्यानं डिप्लोमा घेतलाच नाही. कारण डिप्लोमावाल्या आर्किटेक्टला ठेकेदारी करता येत नसे आणि याला घरचा धंदा सोडायचा नव्हता. पुढे धाकटे भाऊ ग्युस्ताव आणि क्लोद यांच्यासोबत फर्म चालवली, डिझाईनही आपलंच आणि बांधणारेही आपणच. मला त्याच्या सगळ्या कामाची किल्ली इथेच सापडते. कागदावर रेघ ओढणारा आणि साइटवर उभं राहून शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, कसं बसतंय ते बघणारा माणूस एकच असला की खोटेपणा करायला वाव फार कमी उरतो, कारण खोटं बांधायचा त्रासही त्यालाच होणार असतो.

काँक्रीटमध्ये लोखंड घालायची कल्पना त्याची नव्हे. जोसेफ मोनिए नावाच्या माळ्यानं १८६७ मध्ये कुंड्या-हौदांसाठी पेटंट घेतलं होतं आणि फ्रांस्वा एनबीकनं १८९२ मध्ये कॉलम-बीम-स्लॅबची अख्खी पद्धत पेटंट करून धंदा युरोपभर पसरवला. काँक्रीट दाब चांगला सोसतं पण ताण सोसत नाही, लोखंड ताण सोसतं, आणि दोघांचं उन्हाळ्या-थंडीतलं फुगणं-आकसणं जवळपास सारखं, म्हणून त्यांचं जमतं. शिवाय चांगल्या काँक्रीटच्या पोटात सळई गंजत नाही. हे सगळं इंजिनिअर लोकांना पेरेच्या आधी कळलेलं होतं. पण तेव्हा आरसीसी म्हणजे कारखाने, गोदामं, धान्याचे कोठार, पूल. गावातल्या प्रतिष्ठित इमारतीत वापरलंच तर दगडाच्या आड लपवून. पेरेनं विचारलेला प्रश्न वेगळा होता: ग्रीकांनी खांब आणि तुळई यांच्यातून जी प्रमाणबद्धता काढली, तीच शिस्त या नव्या सांगाड्याला लावली तर काय होईल? कारण आरसीसी फ्रेम म्हणजे तरी दुसरं काय, उभे खांब, आडव्या तुळया, आणि मधली जागा भरायची. ग्रीक देवळाचा हिशोबही तोच होता.

१९०३-०४ मध्ये पॅरिसच्या रू फ्रँकलिनवर त्यानं एक अपार्टमेंट बांधलं, २५ बिस नंबरची (आपल्याकडे २५ अ म्हणतात तसं) इमारत. प्लॉट उथळ, मागे दुसऱ्याची भिंत, तिथे खिडक्या काढता येईनात म्हणून त्यानं मागच्या बाजूला काचेच्या विटा लावल्या आणि जो चौक मागे असायचा तो रस्त्याच्या बाजूला ओढून इमारतीला यू आकार दिला, त्यामुळे सगळ्या मुख्य खोल्यांना समोरचा उजेड मिळाला. आत भार पेलणाऱ्या भिंती नाहीत, सगळं वजन बारीक खांबांवर. आणि बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं दिसतं. म्हणजे खरं तर काँक्रीट दिसत नाही, ते टाइल्सनी झाकलेलं आहे, अलेक्सांद्र बिगो या सिरॅमिकवाल्याच्या टाइल्स, पण खांब-तुळयांवर साध्या सपाट टाइल्स आणि मधल्या भरावाच्या भिंतींवर पानाफुलांच्या. त्यामुळे पेलणारं कुठलं आणि नुसतं भरलेलं कुठलं, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं.

इथे कुणी आक्षेप घेईल की अहो, हाच तुमचा प्रामाणिक माणूस आणि यानंच काँक्रीट टाइलखाली झाकलं. आक्षेप बरोबर आहे. १९१३ मध्ये उघडलेलं शाँझेलिझेचं थिएटर घ्या, तिथेही आत आरसीसीचा अप्रतिम सांगाडा आणि रस्त्याकडच्या तोंडावर दगडाचं आवरण, त्यावर बूर्देल या शिल्पकाराची शिल्पं. त्या काळी उघडं काँक्रीट हवा-पाण्यात किती टिकेल याची खात्री नव्हती, आणि श्रीमंत वस्तीत थिएटर बांधताना उघडं काँक्रीट गळी उतरवणंही सोपं नव्हतं. मी त्याला संत ठरवायला निघालेलो नाही. पण आवरण घालताना सुद्धा त्यानं एक रेघ पाळली: वरचं कातडं आतल्या हाडांची जागा सांगेल, लपवणार नाही. एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे पॅनेल, मारलेली आपली एखादी नवी सरकारी इमारत आणि रू फ्रँकलिनची ती इमारत शेजारी ठेवून बघा, दोन्हीत आवरण आहे, पण एका इमारतीकडे बघून तिचे खांब कुठेत ते सांगता येतं आणि दुसरीत लिफ्टचा डक्ट कुठे आणि ऑफिस कुठे हेही कळत नाही.

आता ल रँसी. पॅरिसच्या बाहेरचं उपनगर, तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ चर्च बांधायचं होतं, धर्मगुरूंकडे पैसे बेताचे. दगडात बांधणं परवडणारंच नव्हतं. पेरेनं १९२२-२३ मध्ये, वर्षभराच्या आसपास, ते काँक्रीटमध्ये उभं करून दिलं. या वेळी त्यानं कुठलंही आवरण घातलं नाही. आत २८ खांब, साधारण ११ मीटर उंच आणि बुंध्याशी फक्त ४३ सेंटिमीटर जाड, वर जाताना आणखी निमुळते होत गेलेले. खांबाला उभ्या पन्हळी आहेत, ग्रीक खांबांना असतात तशा, पण त्या टाकीनं कोरलेल्या नाहीत, शटरिंगच्या लाकडाच्या आकारातून ओतकामातच आलेल्या आहेत, आणि साचे मोजके करून तेच पुन्हा पुन्हा वापरले म्हणून खर्च आटोक्यात राहिला. वरचं छत पातळ काँक्रीटच्या कमानीचं, हे तंत्र तो आधी कॅसाब्लांकाच्या बंदरातल्या गोदामांवर शिकून आला होता. गोदामाची अक्कल चर्चमध्ये वापरायला त्याला कमीपणा वाटला नाही.

आणि भिंती? भिंती जवळपास नाहीतच. छताचं वजन सगळं खांबांवर, त्यामुळे बाहेरची भिंत मोकळी झाली, मग त्यानं काय केलं, मोजक्या साच्यांत जाळीचे ठोकळे ओतले, गोल, चौकोन, तिरपा चौकोन, क्रॉस, ते एकमेकांवर रचून पूर्ण उंचीची जाळी केली आणि त्यात मॉरिस दनी आणि मार्गरीत ह्युरे यांची रंगीत काच बसवली. मध्ययुगातले गॉथिक गवंडी चारशे वर्षं जे करायचा प्रयत्न करत होते, भिंत पातळ करायची, काच वाढवायची, उजेड आत घ्यायचा, ते इथे बेताच्या पैशात सिमेंट, वाळू आणि खडीत झालं. ज्यांना वाटतं की काँक्रीटमध्ये भक्तिभाव येऊ शकत नाही त्यांनी या चर्चच्या आतले फोटो नुसते शोधून बघावेत.

मला स्वतःला पेरेची सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र चर्च नाही, खांब आहे. पॅरिसच्या इएना चौकात त्यानं १९३६ पासून सार्वजनिक बांधकामांचं म्युझियम बांधायला घेतलं, आज तिथे फ्रान्सची आर्थिक-सामाजिक परिषद बसते. तिथले मोठे खांब बघा. ग्रीक खांब खाली जाड आणि वर निमुळता असतो. इएनाचा खांब उलटा आहे, खाली बारीक आणि वर जाड. वेगळेपणा दाखवायला केलेला चाळा वाटेल, पण कारण पक्कं आहे. दगडाचा खांब म्हणजे एकावर एक ठेवलेले तुकडे, त्यावर तुळई नुसती टेकलेली, म्हणून तळ रुंद हवा. आरसीसीत खांब आणि तुळई एकजीव ओतलेले असतात, सळ्या एकातून दुसऱ्यात गेलेल्या असतात, जोड वर आहे आणि जोर त्या जोडाशी येतो, म्हणून रुंदी तिथे हवी. मग दगडी खांबाच्या डोक्यावर जशी नक्षीदार बैठक असते तशी त्यानं काँक्रीटची स्वतःची बैठक घडवली, खांब वर जाता जाता तुळईत मिसळतो ती जागा. त्यानं ग्रीकांची नक्कल केली नाही, ग्रीकांनी दगडाला जे प्रश्न विचारले तेच त्यानं काँक्रीटला विचारले, आणि उत्तर वेगळं आलं तर ते वेगळं उत्तर स्वीकारलं. क्लासिकल परंपरा पुढे नेणं म्हणतात ते माझ्या मते हेच.

काँक्रीटच्या पृष्ठभागाबद्दलही तो असाच हट्टी होता. प्लास्टर नको, रंग नको. शटरिंग काढल्यावर जो सिमेंटचा पापुद्रा वर असतो तो टाकीनं, दातेरी हातोडीनं टिपून काढायचा, म्हणजे आतली खडी बाहेर येते. आणि खडी निवडून घ्यायची, कुठे गुलाबी छटेची, कुठे हिरवट, कुठे पिवळसर, ज्यामुळे तुळईचा रंग वेगळा, भरावाचा वेगळा. पाथरवटाच्या मुलानं काँक्रीटला पाथरवटाची हत्यारं लावली. काँक्रीट म्हणजे करडा चिखल असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी बहुतेक घाईघाईत ओतलेलं, हनीकोंबिंग झालेलं, म्हणजे मधे पोकळ्या राहिलेलं, मग गिलावा मारून दोष झाकलेलं काँक्रीटच पाहिलेलं असतं. त्यात त्यांचीही चूक नाही, आपल्याकडे दुसरं दिसतं कुठे.

पेरेचं एक म्हणणं त्याच्या विद्यार्थ्यांत फार प्रसिद्ध होतं. जो खांब लपवतो तो चूक करतो, आणि जो खोटा खांब लावतो तो गुन्हा करतो. हे वाचलं की मला आपल्याकडचे मंगल कार्यालयांचे, बंगल्यांचे, सोसायट्यांच्या गेटांचे खांब आठवतात. आत नऊ बाय बाराचा आरसीसी कॉलम, भोवती पीओपी नाहीतर फायबरचा पोकळ गोल खांब, वर पानांची बैठक, त्यावर पांढरा-सोनेरी रंग, आणि याला म्हणायचं एलिव्हेशन. खासगी माणसानं स्वतःच्या पैशानं घराचं एलिव्हेशन कसं करावं यावर मी काही बोलणार नाही, हौस असते, कर्ज काढून माणूस एकदाच घर बांधतो. पण तेच तर्कशास्त्र जेव्हा तहसील कार्यालय, कोर्ट, बसस्टँड, नगरपालिकेच्या नाट्यगृहाला लागतं तेव्हा तो सगळ्यांचा प्रश्न होतो. कारण पोकळ खांबाच्या आत पाणी शिरतं, ते दिसत नाही. एसीपीच्या मागे स्लॅबच्या कडेला ओल येते, ती दिसत नाही. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, उघड्या कॉलमवर ती पहिली बारीक चीर शिपायालाही दिसेल, झाकलेल्या कॉलमची चीर थेट ढलपा पडल्यावर कळते. म्हणजे खांब लपवू नये हा नुसता सौंदर्याचा किंवा नीतीचा आग्रह नाहीये, त्यात देखभालीचा अगदी व्यवहारी फायदा आहे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, आणि ऑडिट करणारा इंजिनिअर आधी काय करतो, तर झाकलेलं उघडून बघतो.

कुणी म्हणेल की एकदोन सुंदर इमारती कुणालाही जमतात, सामान्य माणसाच्या घरांचं काय. तर त्यासाठी ल हाव्र बघावं लागतं, आणि तिथे गोष्ट इतकी सरळ नाही.

ल हाव्र हे फ्रान्सचं समुद्रकाठचं मोठं बंदर. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्य तिथे अडून बसलं होतं म्हणून ब्रिटिश विमानांनी शहरावर बाँब टाकले, ५ आणि ६ सप्टेंबरच्या माऱ्यात शहराचा मध्यभाग अक्षरशः सपाट झाला. साधारण १५० हेक्टर जमीनदोस्त, ८०,००० माणसं बेघर, दोन हजारांच्या आसपास नागरिक मेले, आणि हे सगळं मित्रराष्ट्रांच्या बाँबनी. १९४५ मध्ये पुनर्बांधणीचं काम पेरेकडे आलं तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. त्यानं शिष्यांची टोळी गोळा केली आणि पूर्ण शहराला एकच माप लावलं, ६.२४ मीटर. खांबाखांबातलं अंतर त्याच मापाचं, रस्त्यांची, चौकांची, इमारतींच्या लांबीरुंदीची आखणी त्याच्या पटीत. काँक्रीटच्या तुळईला परवडणारा गाळा आणि ज्याचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा सहज करता येईल असं माप, म्हणजे तुळया, खिडक्यांच्या चौकटी, भरावाचे पॅनेल कारखान्यात एकसारखे ओतता येतात. सिमेंट-लोखंडाची टंचाई होती, इतकी की आख्खं शहर साडेतीन मीटर उंच जोत्यावर उचलून खाली पाणी-गॅसच्या लाइनी टाकायची त्याची पहिली योजना त्यामुळेच बारगळली. पडलेल्या घरांचा ढिगारा चुरून नव्या काँक्रीटमध्ये खडी म्हणून वापरला गेला. त्या शहरातली माणसं आज ज्या भिंतींत राहतात त्यात त्यांच्या आजी-आजोबांच्या घराच्या विटा आहेत.

घरं कशी होती तेही बघू. नगरपालिकेच्या चौकाभोवतीच्या पहिल्या इमारतींतलं एक घर आज तेव्हाच्या फर्निचरसह लोकांना बघायला ठेवलंय. दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा, सेंट्रल हीटिंग, मांडणी केलेलं किचन, आतल्या भिंती पातळ म्हणजे खोल्या कमीजास्त करता याव्यात, आणि मध्ये एक उघडा खांब, न झाकलेला. खिडक्या उभ्या, जमिनीपासून वरपर्यंत. या उभ्या खिडकीवरून त्याचं आणि कॉर्बुझिएचं १९२० च्या दशकात जोरात वाजलं होतं. कॉर्बुझिएला आडवी लांब पट्टीची खिडकी हवी, पेरे म्हणायचा की माणूस उभा असतो, त्याला खाली रस्ता, समोर झाडं आणि वर आकाश एकाच चौकटीत दिसलं पाहिजे. मला इथे पेरेचं पटतं. पण महत्त्वाचं म्हणजे युद्धातून बाहेर पडलेल्या कफल्लक देशात, प्रीफॅब तुकड्यांनी, सामान्य कुटुंबांसाठी घरं बांधताना सुद्धा त्यानं प्रमाण सोडलं नाही. दर इमारतीला तळाशी खांबांची ओळ, मधले मजले, वर छज्जाची ठसठशीत रेघ. साध्या इमारतीला सुद्धा सुरुवात आणि शेवट आहे. शंभर फ्लॅटच्या आपल्या कुठल्याही टॉवरला ते असतात का बघा.

पण लोकांनी ते लगेच डोक्यावर घेतलं असं नाही. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं बराकीत राहिली. जुने प्लॉट पुसले गेले, ज्याची जमीन आणि दुकान होतं त्याला सामायिक मालकीच्या इमारतीत फ्लॅट मिळाला, आपली गल्ली, आपलं वळण, आपला कोपरा गेला. कुणाला फारसं विचारलंही नव्हतं. पुढची तीस-चाळीस वर्षं बाहेरचे लोक त्या शहराला करडं, थंड, रशियन छापाचं म्हणून नावं ठेवत होते. हे दुःख खरं होतं आणि पेरेच्या बाजूनं बोलताना मला ते झाकायचं नाही. ज्या शहराची आठवण दोन दिवसांत नष्ट झाली त्याला कितीही उत्तम प्रमाणबद्ध चौक दिला तरी ती आठवण परत येत नाही, आणि लोकांना नकाशा दाखवण्याआधी नकाशा ठरवू नये हे पेरेच्या पिढीला कळलं नव्हतं. माझा मुद्दा एवढाच की ही चूक निर्णय कुणी आणि कसा घेतला त्यातली आहे, काँक्रीटची नाही. जुनं शहर दगडात जसंच्या तसं उभं करायचं ठरवलं असतं तरी लोकांना बाजूला ठेवून ते असंच जाचक झालं असतं.

पेरे १९५४ मध्ये गेला, काम १९६४ पर्यंत चाललं. सेंट जोसेफ चर्चचा १०७ मीटरचा मनोरा त्याच्या माघारी पूर्ण झाला, युद्धात मेलेल्यांचं स्मारक, आतून पोकळ, १२,७६८ रंगीत काचा, त्याही पुन्हा मार्गरीत ह्युरेच्याच. आणि २००५ मध्ये युनेस्कोनं ल हाव्रचा १३३ हेक्टरचा मध्यभाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. ज्याला लोक नावं ठेवत होते ते शहर पन्नास वर्षांत वारसा झालं. मधल्या काळात इमारती बदलल्या नव्हत्या, त्यांची निगा राखली गेली आणि बघणाऱ्यांची एक पिढी बदलली.

आपला या सगळ्याशी संबंध आहे का? आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. कॉर्बुझिए १९०८-०९ मध्ये पेरेच्या ऑफिसात होता, आरसीसीचे धडे तिथे गिरवले आणि चंदीगडला आला. पुदुच्चेरीत अरविंद आश्रमाचं गोलकोंड नावाचं वसतिगृह आहे, अँटोनिन रेमंड या आर्किटेक्टनं १९३० च्या दशकात आखलेलं, भारतातल्या उघड्या काँक्रीटच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी एक. खिडकीला काच नाही, आडव्या झडपा, त्या फिरवून वारा घ्यायचा. या रेमंडनं टोकियोत बांधलेलं चॅपल सरळ ल रँसीवरून घेतलेलं आहे आणि त्याचा तिथला सहकारी फॉयरश्टाइन पेरेच्या ऑफिसातून आलेला. आणि आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे, त्यांनी कानपूरच्या आयआयटीत काँक्रीटची फ्रेम उघडी ठेवून मधे विटा भरल्या. पेरेशी त्यांचा थेट संबंध जोडायची गरज नाही, पण पेलणारं वेगळं, भरलेलं वेगळं, आणि दोन्ही दिसू द्या, ही शिस्त तीच. म्हणजे हे आपल्याला जमत नाही, आपले मजूर करू शकत नाहीत, आपल्या हवेत टिकत नाही, ही कारणं खरी नाहीत. आपल्याकडे हे होऊन गेलंय.

होऊन गेलंय आणि आपण ते पाडतोय सुद्धा. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह, राज रेवाल आर्किटेक्ट आणि महेंद्र राज इंजिनिअर, १९७२ चं. एवढा मोठा स्पेस फ्रेम, म्हणजे दांड्यांच्या जाळीचा सांगाडा, लोखंडात करायचा तर लोखंड परवडेना म्हणून तो काँक्रीटमध्ये, जागेवर, हातानं ओतला. जगात त्याला तोड नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडला. आणि कारण काय, तर वारसा ठरायला इमारत ६० वर्षांची हवी आणि ही तेवढी जुनी नव्हती. फ्रान्सनंही हे पाप केलंय, पेरेचं रू पाँत्यूवरचं १९०६-०७ चं गॅरेज, उघड्या फ्रेमचं, मध्ये काचेचं मोठं चक्र असलेलं, १९७० मध्ये पाडलं. पण त्यातून ते शिकले असं म्हणता येतं, कारण ल हाव्रला वारसा ठरवलं तेव्हा तिथल्या काही इमारती जेमतेम चाळीस वर्षांच्या होत्या. दगडाच्या इमारतीला वय मोजून मान द्यायचा नियम काँक्रीटला लावला तर मान मिळायच्या आत ती पडलेली असते, कारण काँक्रीटला पहिल्या तीस-चाळीस वर्षांतच जास्त निगा लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, समुद्राकाठी मीठ शिरतं, सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, कमी असेल तर गंज सुरू होतो. ल रँसीच्या चर्चचंही असंच झालं, त्या काळी कव्हरचं पुरेसं भान नव्हतं, सळ्या उघड्या पडल्या आणि बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यांनी त्या केल्या. आपल्याकडे तेवढ्यावर इमारत धोकादायक ठरवून रीडेव्हलपमेंटला निघाली असती.

म्हणून क्लासिकल हवं की काँक्रीट, असा प्रश्नच सरकारनं विचारू नये असं मला वाटतं, अमेरिकेनं विचारू नये आणि आपणही. शैलीचा आदेश काढला की कागदावर खांब येतात आणि साइटवर फायबर येतं. त्याऐवजी सार्वजनिक इमारतीच्या निविदेत तीन गोष्टी लिहाव्यात. वजन न पेलणारा खांब लावायचा नाही. दर्शनी आवरणाचा खर्च वेगळा दाखवायचा, म्हणजे एलिव्हेशनवर किती गेले आणि शटरिंग, खडी, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे), क्युरिंगवर (ओतल्यावर पाणी मारत राहणं) किती गेले हे कुणालाही वाचता येईल. आणि हस्तांतरणाच्या वेळी देखभालीची वही द्यायची, कुठला कॉलम कधी तपासायचा, पावसाळ्याआधी कुठली पन्हळ साफ करायची, चीर दिसली तर कुणाला कळवायचं. ठेकेदाराला यात जास्त कष्ट आहेत हे खरं आहे, उघडं काँक्रीट नीट ओतायला सेंट्रिंगवाला हुशार लागतो आणि त्याला मजुरीही जास्त द्यावी लागते. पण एसीपीवर जाणारा पैसा त्या माणसाच्या हातात गेला तर मला त्यात वाईट काहीच दिसत नाही, आणि यासाठी नवा कायदा करायचीही गरज नाही, निविदेच्या मसुद्यात ही कलमं घातली तरी सुरुवात होते.